बर्फाआधीची बेगमी

कानाझावा स्थानकाच्या पूर्वेकडच्या दारातून बाहेर पडलं, की डोक्यावर काचेचा प्रचंड घुमट येतो. पावसात उतरलेल्या पाहुण्यापुढे गावाने छत्री धरावी, ही त्यामागची कल्पना. नोव्हेंबरच्या अखेरीला येणाऱ्याला ती पहिल्या पाच मिनिटांतच पटते. सकाळी ऊन, दहाला सर, अकराला गारा, दुपारी पुन्हा ऊन. जेवणाचा डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नको, असं इथली जुनी माणसं मुलांना सांगत आली आहेत.

सायबेरियावरून सुटलेला थंडगार वारा जपानच्या समुद्राच्या तुलनेने उबदार पाण्यावरून येताना बाष्प उचलतो, हाकुसानच्या डोंगरांना अडतो आणि सगळं किनाऱ्यावर रितं करतो. सह्याद्रीच्या पायथ्याशी वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नवल वाटतं ते विजांचं. आपल्याकडे वीज म्हणजे वळीव. इथे ऐन हिवाळ्यात आभाळ गडगडतं. वर्षाकाठी सरासरी चाळीसहून जास्त दिवस या शहरावर मेघगर्जना होते. जपानच्या मोठ्या शहरांत यात कानाझावाचा पहिला नंबर.

पर्यटकांचा लोंढा क्योतोकडे जातो, तो शरदातली लाल पानं पाहायला. कानाझावा पाहायचं तर ती पानं गळून पडल्यावर आणि बर्फ पडण्याआधी, या मधल्या चार-पाच आठवड्यांत. तेव्हा हे शहर बेगमी करत असतं. मृगाआधी घर शाकारणारं, सरपण आत घेणारं, वाळवणं डब्यात भरणारं कोकण ज्याने पाहिलंय, त्याला या गडबडीत एकदम घरी आल्यासारखं वाटतं.

या तयारीचा पहिला दिवस ठरलेला असतो, 1 नोव्हेंबर. जागा केनरोकुएन बाग. सरदार माएदा तोशिइए 1583 साली बागेशेजारच्या किल्ल्यात आला आणि पुढे त्याच्या घराण्याकडे दहा लाख कोकू तांदळाचं राज्य आलं. एक कोकू म्हणजे एका माणसाचं वर्षभराचं धान्य, ढोबळमानाने दीडशे किलो. इतका श्रीमंत सरदार तोकुगावा शोगुनांच्या नजरेत खुपणारच. माएदांनी आपली संपत्ती शस्त्रांपेक्षा बागा, नो नाट्य, चहा, लाखकाम आणि सोन्याच्या वर्खात घातली. 1822 साली बागेला आजचं नाव मिळालं. त्याचा अर्थ सहा गुण एकत्र असलेली बाग: विस्तार आणि एकांत, माणसाची करणी आणि काळाचं जुनेपण, पाणी आणि दूरचा देखावा. 1874 पासून ती सर्वांना खुली आहे.

बागेतल्या तळ्याकाठी कारासाकी नावाचा पाइन आहे. बिवा सरोवराकाठच्या कारासाकीहून बी आणून तेराव्या माएदा सरदाराने तो वाढवला. माळी त्याच्या खोडालगत पाच उंच खांब उभे करतात, शेंड्यावर चढतात आणि तिथून भाताच्या पेंढ्याचे दोर खाली सोडतात. खालचे लोक एकेक दोर एकेका फांदीला बांधतात. या एका झाडालाच सुमारे 800 दोर लागतात. काम संपलं की झाडावर शंकूच्या आकाराचं, उसवलेल्या छत्रीसारखं काहीतरी उभं राहतं. याला म्हणतात युकित्सुरी. फळांनी लगडलेल्या सफरचंदाच्या फांद्या मोडू नयेत म्हणून त्या वरून बांधून धरायच्या, या युक्तीतून ही पद्धत आली.

कानाझावाचा बर्फ भुकटीसारखा नसतो. तापमान शून्याच्या आसपासच घोटाळत असल्याने तो ओला आणि जड पडतो, आणि अशा बर्फाखाली पाइनची आडवी फांदी कडकन मोडते. म्हणून हे दोर. बागेतल्या बाकीच्या झाडांची बांधणी डिसेंबरच्या मध्यापर्यंत चालते आणि मार्चच्या मध्याला सोडायला सुरुवात होते. बर्फ नसला की काही पाहुण्यांना दोरांचा फोटो अपुरा वाटतो. खरं तर बागेची सर्वांत देखणी वेळ हीच. ताज्या पेंढ्याचा रंग अजून सोनेरी असतो, तळ्यात दोरांचं प्रतिबिंब पडतं, आणि शेजारी एक पाय पाण्यात, एक पाय दगडावर असा कोतोजी दगडी दिवा उभा असतो. कोतो वाद्याच्या तारेखालच्या घोडीसारखा त्याचा आकार, म्हणून ते नाव.

बागेतून वीसेक मिनिटं चालत गेलं की नागामाची, सामुराईंच्या जुन्या घरांची आळी. गल्ल्यांना मातीच्या भिंती आहेत. भिंतीत पाणी मुरलं आणि ते गोठलं, की माती फुगते आणि पोपडे निघतात. म्हणून डिसेंबरच्या सुरुवातीला या भिंतींवर पेंढ्याच्या चटया टांगतात. पावसाळ्याआधी मातीच्या भिंतीला झावळ्यांचे झाप बांधणारे हात आणि हे हात, यांच्यात समुद्राचं अंतर असलं तरी माती तीच आहे. दुसऱ्या महायुद्धात कानाझावावर मोठा बॉम्बहल्ला झाला नाही, म्हणूनच या गल्ल्या शिल्लक राहिल्या. 1820 साली वसलेली हिगाशी चाया ही गेइशांची पेठही तशीच वाचली. तिथल्या दुकानांत सोन्याचा वर्ख विकतात. जपानचा जवळजवळ सगळा वर्ख याच शहरात कुटला जातो. मिलीमीटरच्या दहा हजाराव्या भागाइतक्या पातळ पानाला कोरडी हवा चालत नाही. छत्री विसरू न देणारी दमट हवा वर्ख कुटणाऱ्याला मात्र हवीहवीशी असते.

ओमीचो बाजार सुमारे तीनशे वर्षांचा आहे. 6 नोव्हेंबरला खेकड्यांचा हंगाम उघडतो, आणि दुसऱ्या दिवसापासून बाजाराचा रंगच बदलतो. लांब तंगड्यांचा नर खेकडा म्हणजे कानोगानी. त्याच्या नांगीला निळी पट्टी असते आणि किंमत ऐकून पाहुणे मागे सरतात. गावकरी शोधतात ती लहानशी मादी, कोबाको. तिच्या कवचात केशरी लाख आणि पोटाखाली दाताखाली कुरकुरणारी अंडी. अमावास्येच्या आसपासची भरलेली कुर्ली मागून घेणाऱ्याला या मादीचं कौतुक सांगायला नको. ओदेन, म्हणजे रश्शातले पदार्थ, विकणाऱ्या दुकानात तिचंच मांस आणि अंडी कवचात भरून रश्शात शिजवतात; त्याला कानीमेन म्हणतात. त्या पातेल्यात मुळ्याच्या जाड चकत्या आणि गव्हाच्या सत्त्वाची चाकं, कुरुमाफू, मंद आचेवर फुगत असतात. बाहेर गारा पडताना रस्सा प्यायलेला चाकाचा तुकडा तोंडात विरघळतो, आणि त्याहून चांगलं काही या मोसमात मिळत नाही.

कानोगानी हे नाव कागा आणि नोतो या दोन प्रांतांच्या नावांतून जुळवलेलं आहे. 1 जानेवारी 2024 ला नोतो द्वीपकल्पाला 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. वाजिमा बंदराचा तळ वर उचलला गेला आणि होड्या जागच्या जागी अडकल्या. कानाझावाच्या किल्ल्याचे दगडी तटही काही ठिकाणी ढासळले. ओमीचोत मासळी घेताना ती कुठल्या बंदराची हे विचारावं. नोतोचं नाव ऐकू आलं की चार येन जास्त गेले तरी ती घ्यावी.

हिवाळा लागला की समुद्रावर गडगडाट होतो. त्याला इथे बुरीओकोशी म्हणतात, बुरी माशाला जागं करणारा. चरबीने भरलेला बुरी तेव्हा जाळ्यात येऊ लागतो. सलगमाच्या जाड चकतीला खाच पाडून त्यात खारवलेला बुरी भरायचा आणि कोजी नावाची बुरशी लावलेल्या भातात तो मुरवायचा, की काबुराझुशी तयार होते. आंबट-गोड, किंचित उग्र. पहिला घास सगळ्यांना रुचतोच असं नाही. आणि लग्नानंतरच्या पहिल्या वर्षअखेरीला मुलीच्या माहेरून सासरी अख्खा बुरी पाठवायची इकडे रीत आहे. अधिक महिन्यात जावयाला अनारसे देणाऱ्यांच्या देशातून आलेला माणूस हे ऐकून चटकन मान डोलावतो. सासरचे त्यातला अर्धा मासा कापून परत पाठवतात, हे मात्र त्याला नवं असतं.

29 डिसेंबरला कोबाकोची मासेमारी थांबते. त्यानंतर फळ्यांवर निळ्या पट्टीचे नर उरतात, आणि रबरी बूट घातलेले मासेवाले बर्फ भरलेल्या लांब खोक्यांवर व्याह्यांचे पत्ते लिहीत असतात.