बाइटाला बाइट

प्लेस्टेशनची जुनी डिस्क हातात आली की मी आधी तिची छापील बाजू उजेडात धरून बघतो. लोक चकचकीत बाजूला जपतात आणि डिस्क चित्राच्या बाजूने टेबलावर ठेवतात. सीडीसाठी याहून वाईट काही नाही. ॲल्युमिनियमचा थर त्या चित्राच्या लगेच खाली असतो, वर फक्त लाखेचा पातळ हात. तिथे ओरखडा गेला की मजकूरच गेला. चकचकीत बाजूला मिलिमीटरभर जाड प्लास्टिक असतं, तिथला ओरखडा पुष्कळदा पॉलिश करून निघतो. डीव्हीडीत थर मधोमध असतो, म्हणून ती जास्त सोसते. गेम पार्लरमधून फिरलेल्या घरगुती राइट केलेल्या सीडींचं तर विचारूच नका. वर्ध्याचे पंचेचाळीस अंशांचे उन्हाळे त्यांच्या रंगाच्या थराला झेपत नाहीत.

डिस्कची इमेज काढायची म्हणजे आतल्या फाइली ओढून हार्ड डिस्कवर टाकायच्या, असं पुष्कळांना वाटतं. पण इमेज म्हणजे अख्ख्या डिस्कची बाइटाला बाइट प्रत. सीडीचा एक सेक्टर २,३५२ बाइटांचा. त्यातले बहुधा २,०४८ गेमच्या कामाचे. बाकीचे जुळणीचे, पत्त्याचे आणि चूक दुरुस्त करण्याचे. मी सगळे घेतो. संगीताच्या ट्रॅकला ते जादा बाइट नसतात. त्यामुळे वाचता न आलेल्या जागी ड्राइव्ह अंदाजाने आवाज भरते आणि कानाला पत्ताही लागत नाही. शिवाय प्रत्येक मॉडेलची ड्राइव्ह ट्रॅकची सुरुवात थोडी अलीकडे-पलीकडे धरते. तो फरक ठाऊक असावा लागतो, तो वजा करावा लागतो. नाहीतर एकाच डिस्कच्या दोन ड्राइव्हवर दोन वेगळ्या प्रती निघतात, आणि गेम मात्र दोन्हींवर चालतो!

म्हणून ‘चालतोय ना?’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. मी हॅश, म्हणजे सगळ्या बाइटांवरून हिशेबाने निघणारा आकडा, काढून बघतो. एक बिट इकडचा तिकडे झाला तरी तो आकडा पार बदलतो. रीडम्प या जागतिक उपक्रमात एकाच गेमच्या वेगवेगळ्या डिस्कवरून वेगवेगळ्या माणसांनी काढलेले हे आकडे जुळले, की प्रत पक्की धरतात.

युरोपात विकलेल्या प्लेस्टेशनच्या काही गेममध्ये लिबक्रिप्ट नावाचं संरक्षण होतं. सबचॅनलमध्ये, म्हणजे सेक्टरांसोबत चालणाऱ्या जोडमाहितीत, ठरावीक जागी मुद्दाम चुका पेरलेल्या. साध्या कॉपीत त्या चुका उतरत नाहीत आणि गेम मध्येच अडतो. चूकसुद्धा जशीच्या तशी उतरवायची, हे या कामातलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

जशीच्या तशी नक्कल न केल्याने काय होतं, याचं एक उदाहरण. गांधीजींचं सेवाग्राम इथून, वर्ध्याहून, जवळ, म्हणून हे लिहितो. गांधीजींच्या समग्र वाङ्मयाचे १०० इंग्रजी खंड १९९४ मध्ये पुरे झाले. पुढे ‘सुधारित’ आवृत्ती आणि सीडी निघाली. त्यात कित्येक नोंदी गळल्याचं अभ्यासकांनी दाखवून दिलं. ती आवृत्ती मागे घ्यावी लागली, आणि नंतरची डिजिटल प्रत मूळ खंडांवरून तयार झाली. नक्कल करणाऱ्याने मुळाला हात लावू नये, हे मी तिथून घेतलं.

जपानी-अमेरिकी गेमची मला तितकी काळजी नाही, ते जपणारे हात पुष्कळ आहेत. जीव तुटतो तो आपल्याकडच्या डिस्कसाठी. २००९ मध्ये हैदराबादच्या गेमशास्त्राने प्लेस्टेशन २ साठी ‘देसी अड्डा’ काढला. त्यात कबड्डी, विटीदांडू, पतंग. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ही त्याच वर्षीचा. मुंबईच्या ट्राइन गेम्सने २०१० मध्ये ‘स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स’ आणला. गल्लीतलं क्रिकेट टीव्हीवर खेळायला देणाऱ्या या डिस्क आता कुणाच्या माळ्यावर आहेत?

स्वतःच्या डिस्कची राखीव प्रत काढायला आपला कॉपीराइट कायदा मुभा देतो. मी इमेज मालकाच्याच हवाली करतो, वाटत फिरत नाही. हिंगणघाट, आर्वी, पुलगाव, कुठेही या देशी गेमची एखादी डिस्क सापडली, तर तिला टूथपेस्ट लावू नका. डबीत उभी ठेवा आणि तशीच घेऊन या.