कोब्याखालचं ऊन

लेहमधल्या एका घराच्या उत्तर भिंतीलगत बर्फ वितळून वीतभर रुंद काळी पट्टी उमटली होती. बाकी अंगण पांढरंशुभ्र. घरमालक खुशीत होते, "बघा, बाहेरची जमीनसुद्धा तापली!" माझ्या मात्र पोटात खड्डा पडला. ती ऊब खोलीत राहायला हवी होती. कोबा आणि भिंत यांच्यामध्ये उभी घालायची थर्मोकोलची पट्टी त्या बाजूला मी सोडली होती. दिवसभर छपरावर गोळा केलेलं ऊन तिथून पाझरत होतं.

मी जमिनी तापवतो. रेडिएटरला 60-70 अंशांचं पाणी लागतं; जमिनीला 35 पुरे, कारण इथे तापलेला भाग अख्ख्या खोलीएवढा असतो. पायाखाली 29 अंशांच्या वर जायचंही नाही. जमिनीची भूक अशी थोडी, म्हणूनच तिचं आणि सूर्याचं जमतं. जानेवारीत लेहला रात्री पारा उणे 15 च्याही खाली उतरतो, पण दिवसा ऊन लखलखीत. सूर्य खाली आलेला, म्हणून उन्हावर पाणी तापवणारे निर्वात नळ्यांचे संच 50 अंशांच्या आसपास उभे ठेवतो. बर्फही घसरून जातो. या संचांतून आलेलं 40 अंशांचं पाणी रेडिएटरला कोमटच वाटलं असतं. कोब्याला ते भरपूर.

खरं कौशल्य नळी अंथरण्यात. थर्मोकोलवर 16 मिलिमीटरची पेक्स प्लास्टिकची नळी, साधारण 15 सेंटिमीटरच्या अंतराने, गोगलगायीच्या शंखासारखी फिरवत न्यायची आणि त्याच वाटेने परत आणायची. जाणारं गरम आणि येणारं निवलेलं पाणी शेजारी शेजारी वाहतं. पायाला कुठे चटका नाही, कुठे गारठा नाही. एक वेटोळं 100 मीटरच्या आत. कोब्याखाली जोड अजिबात नाही. कोबा ओतताना नळीत दाब धरून दाबमापकाच्या काट्यावर नजर ठेवायची. थंडीत मी पाण्याऐवजी हवेचा दाब घेतो. रात्रीत पाणी गोठलं तर घरभर फोडाफोड. मग कोबा नीट वाळू द्यायचा आणि हळूहळू तापवायचा. दुपारी दिलेली ऊब पायाला कळते ती संध्याकाळी, बुखारी, म्हणजे शेगडी, पेटवायच्या वेळेला. उतावळ्या माणसाचं हे काम नव्हे.

एका घरी अबी-लेंनी, म्हणजे आजींनी, तापलेल्या जमिनीवर खबदन हा लोकरीचा जाड गालिचा अंथरला. ऊब खालीच अडकली. तो उचला, असं मी सांगून पाहिलं. पाहुण्याला उघड्या जमिनीवर बसवायचं का, असं त्यांनी विचारलं. त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून नळी उलगडण्याआधी मी घरातल्या माणसांना विचारतो, बसायची जागा कुठल्या भिंतीकडे? त्या भिंतीकडे नळ्या विरळ ठेवतो, मधल्या मोकळ्या जागेत दाट.

ऊब उन्हाचीच हवी असं नाही. माझं गाव दापोलीकडचं. उन्हवऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडाचा गंधकाचा वास लहानपणापासून नाकात आहे. लडाखमधल्या पुग्याच्या खोऱ्यात, 4400 मीटरवर, तोच वास आला आणि क्षणभर कोकणात गेल्यासारखं झालं. तिथल्या झऱ्यांतून जवळजवळ उकळतं पाणी येतं, भोवती टाकणखार आणि गंधक साठलेलं. ते पाणी थेट नळीत सोडलं, तर क्षार बसून ती तुंबेल. उष्णता अदलाबदल करणाऱ्या पत्र्यांच्या एका बाजूने झऱ्याचं पाणी आणि दुसऱ्या बाजूने घरातलं स्वच्छ पाणी फिरवायचं. फक्त ऊब घ्यायची. आणि झरा नसला, तरी जमिनीत खोलवर पुरलेल्या नळ्यांतून उष्णता-पंप ती ओढून घेतो. त्याला वीज लागते, पण पाणी जितकं कमी तापवायचं तितकी वीज कमी. म्हणजे तिथेही कोबाच कामाला येतो.

काळ्या पट्टीमागची ती जागा पुढच्या उन्हाळ्यात मी स्वतः भिंतीची कड उकरून बुजवली. थंड मुलखात घर बांधणाऱ्या कुणालाही माझी एकच विनंती: कोबा ओतायच्या आदल्या संध्याकाळी चारही भिंतींच्या कडेला वाकून पाहा, थर्मोकोलची पट्टी कुठे तुटलेली तर नाही ना.