पाचूबंदरची झुळूक आणि खोक्यांतला माठ

वसई स्थानकातून किल्ल्याकडे निघालात, की केळीच्या वाड्या हळूहळू मागे पडतात, तटबंदी दिसू लागते आणि पुढे खाडीच्या मुखाशी पाचूबंदर येते. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आधी भेटतो, समुद्र नंतर. चिमाजीआप्पांच्या सैन्याने हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला तो १७३९च्या मे महिन्यात. त्या उकाड्यात तटाशी झुंजणाऱ्यांनी तहान कशी भागवली असेल, हा विचार मला येथे दर वेळी शिवतो.

गेल्या उन्हाळ्यात आईला घेऊन मी तेथे गेले, त्याला कारण होते. आदल्या आठवड्यात, आमच्या वरच्या मजल्यावरच्या घरात, भर दुपारी ती उठता उठता भोवळ येऊन बसली. चौकशी केली तेव्हा कळले, की रात्री सारखे उठावे लागू नये म्हणून तिने दुपारपासूनच पाणी तोडले होते. आपल्या घरातील वडीलधारी माणसेही असे करीत नाहीत ना, हे एकदा प्रेमाने विचारून पाहा. वाढत्या वयात तहानेची जाणीवच मंदावते. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर अधिकच जपावे लागते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

आपला किनारा सौम्य, असे आपण अभिमानाने म्हणतो. पण हवामान खाते सपाटीवर ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करते, तर किनाऱ्यावर ३७ पासूनच. दमट हवेत घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर निवत नाही. म्हणून नुसत्या पंख्यावर विसंबू नये. ओल्या फडक्याने मान, हात पुसून मग वारा घ्यावा. बोलणे असंबद्ध झाले, अंग तापून माणूस गुंगीत गेला, तर तोंडात पाणी ओतू नये. त्याला सावलीत घेऊन अंग भिजवावे, वारा घालावा आणि १०८ला फोन करावा.

आईच्या जुन्या मैत्रिणीच्या, आमच्या मावशींच्या ओट्यावर दुपारची खारी झुळूक येत होती. पश्चिमेची खिडकी त्यांनी ओल्या चादरीने झाकली होती. ओट्याच्या कडेला माशांची फुटकी थर्माकोलची खोकी, आणि त्यांत लाल माठ, अळू, एका दोरीवर चढलेली काकडी! थर्माकोलमुळे मुळांना ऊन लागत नाही, तळाला भोके पाडली की पाणीही तुंबत नाही. बाजारातल्या महागड्या कुंड्यांपेक्षा मला ही खोकी अधिक शहाणी वाटली. माठ पेरल्यापासून महिन्याभरात खुडता येतो आणि खुडल्यावर पुन्हा फुटतो. “पानी सकाळीच घालायचं, उन्हात नाय,” मावशी म्हणाल्या. हाच नियम माळ्यालाही लावावा. अकरा ते चार बागकाम नको.

मावशींनी कोकमाचे सरबत पुढे केले. आईने नेहमीप्रमाणे अर्धाच पेला घेतला. “झाडाला घालते तेवढं तरी पी गो!” त्या म्हणाल्या.

आता आमच्या गॅलरीत दोन खोकी आहेत. सकाळी आई आधी माठाला पाणी घालते, मग तिथेच उभी राहून तांब्यातले स्वतः पिते.