गोळी का बंद केलीस, मावशी?

ती. मावशीस,


वहिनीनं तुझ्या बीपीच्या कागदाचा फोटो पाठवला. आधी १५८/९६, आता १२८/८०. आणि तू म्हणालीस म्हणे, ‘बीपी गेला, आता गोळी कशाला?’ मावशी, बीपी गेलेला नाही, गोळीनं आवरून धरलाय. गोळी थांबली की काही दिवसांत तो पुन्हा चढतो, आणि चढताना सांगत नाही. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, म्हणून सगळं ठीक आहे असं समजू नकोस. बहुतेकांना लकवा होईपर्यंत काहीच जाणवत नाही.

वरचा आकडा हृदय रक्त ढकलतं तेव्हाचा दाब, खालचा दोन ठोक्यांच्या मधला. वेगवेगळ्या दिवशी मोजून दोन्हींतला एक जरी १४०/९० च्या हद्दीला लागला किंवा पुढे गेला, तरी तो वाढलेलाच. ‘या वयात एवढा चालायचाच’ हे शेजारणींचं म्हणणं मनावर घेऊ नकोस. मेंदू, मूत्रपिंड, डोळे झिजतात ते या वाढलेल्या दाबानं.

मात्र मोजायचं नीट. कापूस वेचून थेट दवाखाना गाठायचा, रांगेत गप्पा मारायच्या आणि घट्ट पोलक्याची बाही वर सारून हात पुढे करायचा, तर आकडा खरा कसा येईल? आधी लघवीला जाऊन ये. अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बस. हात छातीच्या उंचीवर टेकलेला हवा, पट्टा उघड्या दंडावर. मिनिटभरानं पुन्हा मोजायला सांग.

२०१७ साली उच्च रक्तदाबाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, तेव्हा पहिल्या पाच राज्यांत आपलं तेलंगणा होतं, महाराष्ट्रही होता. गोळी गावाजवळ, फुकट मिळावी म्हणूनच ही धडपड. तुझी अम्लोडिपीन आहे. तिनं कधी घोटे सुजतात. तसं झालं तर डॉक्टरांना सांग, ते बदलून देतील. मनानं सोडायची नाही.

मीठ दिवसाला सगळं मिळून चहाचा एक चमचा, त्यात ठेचा-लोणच्यातलंही आलं.

तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला, तर आकडा बघत बसू नका. १०८ ला फोन लावा आणि आदिलाबादला रिम्स रुग्णालय गाठा. तुमच्या गुडीहत्नूरहून हायवे सरळ तिकडेच जातो.

उद्या सकाळीच दवाखान्यात जा, गोळी मध्ये बंद होती हे डॉक्टरांना सांग आणि पुन्हा सुरू कर. वहिनीकडून मला कळव.

तुझी भाची