शेजाऱ्याने दिलेली ओळख

माणसाची ओळख त्याच्या अंतरंगात आधीपासून तयार असते आणि समाज ती केवळ वाचतो, असा समज सर्वत्र रूढ आहे. परंतु नाव, आडनाव, बोली, खाण्यापिण्याचे नियम आणि सणवार या ज्या आधारांवर माणूस स्वतःला ओळखतो, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येक त्याला दुसऱ्या कोणाकडून तरी मिळालेला असतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ चार्ल्स हॉर्टन कूली यांनी 1902 साली या प्रक्रियेला 'आरशातील स्व' असे म्हटले. आपण इतरांना कसे दिसत असू याची कल्पना, ते आपल्याविषयी काय मत बनवत असतील याची कल्पना आणि त्या कल्पनेतून उपजणारा अभिमान किंवा संकोच, अशा तीन पायऱ्यांनी माणसाचा 'स्व' घडतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. मात्र पाहणारे सगळे डोळे सारखे नसतात, आणि कोण कोणत्या हेतूने पाहतो यावर घडणाऱ्या 'स्व'चे स्वरूप अवलंबून असते, ही गोष्ट या मांडणीत पुरेशी स्पष्ट होत नाही. ती स्पष्ट करणारे एक उदाहरण रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागपासून रोहा-मुरूडपर्यंतच्या गावांत शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्रायल समाजाच्या रूपाने उपलब्ध आहे.

'बेने इस्रायल' म्हणजे इस्रायलची लेकरे. भारतातील मराठीभाषक यहुदी समाज स्वतःला या नावाने संबोधतो. त्यांच्या परंपरेनुसार पूर्वज ज्या गलबतातून आले ते अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्याशी फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया एवढीच माणसे वाचली, आणि समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेले बाकीच्यांचे मृतदेह नवगाव येथे पुरण्यात आले. ही घटना कोणत्या शतकातली याविषयी एकमत नाही, आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या चौदा देहांची चित्पावनांच्या उत्पत्तीची पुराणकथा तिच्याशी किती मिळतीजुळती आहे, हेही अभ्यासकांनी नोंदवले आहे. आपण कोण, या प्रश्नाचे पहिले उत्तरसुद्धा हा समाज शेजाऱ्यांना समजेल अशा कथेच्या भाषेत देत होता, एवढे या साम्यावरून निश्चित म्हणता येते.

तेल गाळणे हा या लोकांचा परंपरागत व्यवसाय झाला, आणि शनिवारी, म्हणजे यहुदी धर्मातील विश्रांतीच्या दिवशी, ते घाणा बंद ठेवत असल्यामुळे गावकऱ्यांनी त्यांना 'शनिवार तेली' म्हटले. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली 'सोमवार तेली' म्हणून ओळखले जात. गावाने दिलेल्या या नावात समाजाच्या उतरंडीतली पायरी आहे हे नाकारण्याचे कारण नाही, कारण तेल्याला त्या व्यवस्थेत वरचे स्थान नव्हते. तरीही या नावाने समाजाचे वेगळेपण पुसले नाही आणि त्याचा जाबही विचारला नाही. एक तेली सोमवार पाळतो आणि दुसरा शनिवार पाळतो, एवढी नोंद करून गाव आपल्या कामाला लागले. हिब्रू भाषा विस्मरणात गेली आणि धर्मग्रंथ हाताशी उरले नाहीत, तेव्हाही शेजारी दररोज ज्या नावाने हाक मारत होते त्या नावातच शनिवार शिल्लक होता.

अशा घरात जन्मलेल्या मुलाची आठव्या दिवशी सुंता होई आणि त्याचे नाव बायबलमधून येई. परंतु अंगणात आणि बाजारात ते नाव सॅम्युएलचे सामाजी, एझिकेलचे हसाजी असे होऊन वावरे. आडनाव तर पूर्णपणे भूगोलाने दिलेले होते. किहीमचे ते केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, चौलचे चेऊलकर, नवगावचे नवगावकर, अशी ही आडनावे हिंदू आणि मुसलमान शेजाऱ्यांच्या आडनावांसारखीच घडली. गावात सगळेच गावचे असल्यामुळे अशा आडनावाची गरज गाव सोडल्यावरच भासते; त्यामुळे 'कर' लावून मिरवलेली ही ओळख बाहेरच्या लोकांसाठी घडली आणि पुढे घरात मुरली.

स्वयंपाकघरात आणि सणांत हीच देवाणघेवाण अधिक सूक्ष्मपणे दिसते. यहुदी नववर्षाच्या सणाला हा समाज 'नव्याचा सण' म्हणे आणि त्या वेळी गव्हाच्या चिकाचा हलवा करी. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळण्याचा दिवस वालाच्या बिरड्यावरून 'बिरड्याचा सण' झाला. वाल ही तर या किनाऱ्याचीच ओळख आहे. संदेष्टा एलिया, ज्याला हा समाज 'एलियाहू हन्नाबी' म्हणतो, त्याच्या नावाने होणाऱ्या विधीत भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर आणि फळे यांचे ताट मांडले जाते आणि त्याला 'मलिदा' म्हणतात. एलिया आपल्या रथासह अलिबागजवळच्या खंडाळे येथील खडकावर उतरला आणि तेथूनच स्वर्गात गेला, अशी श्रद्धा आहे. शेजाऱ्यांच्या भावनांचा मान राखून गोमांस टाळणे, विधवाविवाह न करणे, लग्नात मंगळसूत्र आणि मेंदी असणे, हेही याच सहवासाचे फलित होते, आणि त्यातील विधवाविवाहाच्या बंदीसारख्या गोष्टींनी स्त्रियांना दुःखही दिले. शेजाऱ्याकडून माणूस घेतो तेव्हा चांगलेच तेवढे घेतो असे नाही.

यानंतर दुसऱ्या प्रकारची नजर या किनाऱ्यावर आली. परंपरा सांगते की डेव्हिड रहाबी नावाचा यहुदी गृहस्थ येथे आला, या लोकांविषयी त्याला शंका वाटली, म्हणून त्याने घरातील स्त्रियांपुढे वेगवेगळ्या जातींचे मासे ठेवले. यहुदी धर्मनियमाप्रमाणे पर आणि खवले असलेलेच मासे खाण्यास योग्य असतात, आणि स्त्रियांनी नेमके तेच निवडून वेगळे काढले. काही इतिहासकार हा रहाबी 18 व्या शतकातील कोचीनच्या व्यापारी घराण्यातला मानतात, तर समाजाची परंपरा त्याला कितीतरी आधीचा समजते. ग्रंथात नाही पण हाताच्या सवयीत धर्म उरला होता, आणि तो स्त्रियांनी राखला होता, हे ही कथा सांगते. रहाबीने तिघांना शिकवून 'काजी' नेमले, झिराटकर, शापूरकर आणि राजपूरकर ही त्यांची घराणी, असे मानले जाते. त्याने परीक्षा घेतली हे खरे, परंतु ती हाकलण्यासाठी नव्हती, तर जवळ घेऊन शिकवण्यासाठी होती.

मुंबईत ही ओळख आणखी विस्तारली. इंग्रज कंपनीच्या फौजेत असलेले सॅम्युएल एझिकेल दिवेकर, म्हणजेच सामाजी हसाजी दिवेकर, टिपू सुलतानाच्या कैदेत असताना त्यांची जात विचारली गेली, त्यांनी बेने इस्रायल असे सांगितले, आणि कुराणात उल्लेखिलेले हे लोक आहेत हे ओळखून टिपूच्या आईने त्यांना वाचवले, अशी आख्यायिका आहे. 1796 साली दिवेकरांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, उभारले. ख्रिस्ती धर्मप्रसारक जॉन विल्सन यांनी 1832 साली हिब्रूचे व्याकरण मराठीत दिले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. समाजाने मात्र त्यांच्या शाळांतून आणि बायबलच्या मराठी भाषांतरातून स्वतःचाच विसरलेला धर्म पुन्हा वाचून काढला आणि बहुतांशी तो यहुदीच राहिला. जोसेफ एझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले, हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 साली समाजासाठी शाळा सुरू केली आणि समाजाचा इतिहास लिहिला, तर बायबलमधील चरित्रे हरिदासी कीर्तनाच्या पद्धतीने मराठीतून गायली जाऊ लागली. पाहणाऱ्याचा हेतू एक आणि पाहिले जाणाऱ्याने त्या नजरेतून उचललेला अर्थ दुसरा, असे होऊ शकते, आणि माणसाचे स्वातंत्र्य मुख्यतः याच जागेत असते.

त्याच मुंबईत बगदादहून आलेल्या सधन यहुद्यांपैकी अनेकांनी बेने इस्रायलांना आपल्या बरोबरीचे मानले नाही, आणि दफनभूमीत आपल्या जागेभोवती वेगळी भिंत असावी अशीही मागणी झाली. ज्यांच्याविषयी शंका घेतली गेली त्या समाजातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता. बाहेरच्या संबंधांतून झालेल्या संततीला 'काळे' ठरवून तिच्याशी रोटीबेटी व्यवहार टाळला जाई. वरून आलेली तुच्छतेची नजर माणूस स्वतःत जिरवतो आणि पुढे खालच्यावर वळवतो, हे कटू सत्य या समाजाच्या कथेतून वगळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल.

1948 मध्ये इस्रायल राष्ट्राची स्थापना झाली आणि भारतातील या समाजाचा मोठा भाग हळूहळू तिकडे गेला. रायगडच्या गावांत शनिवारमुळे जे वेगळे ठरले होते, त्यांच्या यहुदी असण्याबद्दलच इस्रायलमधील धर्मपीठाने शंका घेतली. इतर यहुद्यांशी विवाह करायचा तर वंशाची चौकशी व्हावी, असे निर्देश 1962 साली निघाले. त्यावर निदर्शने झाली, जेरुसलेममध्ये धरणे धरले गेले, आणि 1964 साली इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल हे सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. ज्यांच्या आजी-आजोबांना किनाऱ्यावर शेजाऱ्यांनी कधी पुरावा मागितला नव्हता, त्यांना आपल्याच म्हटल्या जाणाऱ्या माणसांपुढे पुरावा द्यावा लागला. याच काळात त्यांच्यातील मराठीपण अधिक ठळक झाले. इस्रायलमध्ये पुढे 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक निघाले, मलिद्याचे ताट आजही मांडले जाते, आणि आडनावांतून किहीम, पेण, रोहा ही गावे उच्चारली जातात. किनाऱ्यावर यहुदीपण नजरेत भरत होते, इस्रायलमध्ये भारतीयपण भरले. माणूस तोच होता, पाहणारे बदलले होते.

या सर्व प्रवासातून दोन प्रकारच्या नजरा वेगळ्या काढता येतात. शेजाऱ्याची नजर माणसाला त्याच्या कामावरून, गावावरून आणि पाळलेल्या दिवसावरून ओळखते, आणि उरलेले त्याच्यावर सोपवते. परीक्षकाची नजर माणसाने आपले असणे आधी सिद्ध करावे अशी अट घालते आणि तोपर्यंत त्याला दाराबाहेर ठेवते. पहिली नजर नेहमी न्याय्य असते असे नाही, कारण गावाची उतरंड तिच्यात असतेच. परंतु तिच्या सावलीत वेगळा माणूस वेगळा राहून नांदू शकतो. दुसऱ्या नजरेखाली वाढलेला माणूस आयुष्यभर स्वतःचे कागद जपत राहतो.

अलिबागची इस्रायल आळी आणि 1848 साली स्थापन झालेले मागेन अबोथ सिनेगॉग आजही उभे आहेत, परंतु भारतात उरलेल्या बेने इस्रायलांची संख्या काही हजारांवर आली आहे. 2016 साली महाराष्ट्र शासनाने यहुदी समाजाला राज्यात अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा किनाऱ्यावरची त्यांची बहुतेक घरे रिकामी झालेली होती. आता त्याच किनाऱ्यावर मुंबईकरांचे बंगले वाढत आहेत आणि ते बांधायला दूरदूरच्या प्रांतांतून मजूर येत आहेत. त्यांची मुले येथील शाळांत बसतील, वालाचे बिरडे खातील, आणि त्यांना ज्या नावाने हाक मारली जाईल त्या नावातून स्वतःला ओळखायला शिकतील. एके काळी या किनाऱ्याने परक्या माणसांचा शनिवार त्यांच्या नावात जपला. नव्याने येणाऱ्यांना पुरावा न मागता हाक मारण्याची जबाबदारी आज येथे राहणाऱ्या प्रत्येकाची आहे, आणि ती प्रत्येकाने घ्यावी.