चिबडी

आमच्या घराच्या मागे जमिनीचा एक तुकडा आहे. सातबाराच्या उताऱ्यावर त्याला नंबर आहे, हिस्सा आहे, आकारणी आहे. पण घरात त्याला नंबराने कोणी ओळखत नाही. घरात त्याचे नाव चिबडी. "म्हैस कुठे गेली?" तर चिबडीत. "पोरगा कुठे गेला?" तर चिबडीत. आणि एखादे काम कायमचे रखडले, की आजोबा हात झटकून म्हणत, "गेलं ते चिबडीत!"

चिबड म्हणजे निचरा न होणारी जमीन, हे शेतकरी वाचकांना सांगायला नको. पण देशावरची चिबड काळ्या मातीची असते. आमची आहे वाळूची. वाळूत पाणी साचते, हे ऐकून माझ्या सासऱ्यांना हसू आवरले नव्हते. "जावईबापू, वाळूत पाणी मुरतं हो, साचत नाही!" असे त्यांनी मला भर पंक्तीत ऐकवले. पुढे पहिल्याच श्रावणात ते आमच्याकडे आले, सकाळी तांब्या घेऊन मागच्या दारी गेले, आणि धोतर गुडघ्यांवर खोचून परत आले. त्यानंतर आमच्या जमिनीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

सासऱ्यांचे चुकले नव्हते. वाळूत पाणी मुरतेच. पण मुरलेले पाणी जाणार कुठे? अर्नाळ्यापासून वसईच्या किल्ल्यापर्यंत आमचा किनारा गेला आहे. राजोडी, कळंब, भुईगाव अशी गावे त्या पट्ट्यात आहेत. समुद्राकडून गावाकडे चालत या. आधी पुळण लागते, मग सुरूचे बन, मग वाळूचा एक लांबट उंचवटा. त्याला आम्ही दांडा म्हणतो. तो उतरला की सखल पट्टी, आणि पुन्हा दुसरा दांडा. समुद्र मागे मागे सरत गेला आणि जाताना एकेक दांडा टाकत गेला. एके काळी जिथे गलबते लागत, ते सोपारे आज समुद्रापासून आत राहिले आहे. दोन दांड्यांमधल्या या सखल पट्टीत जमिनीखालचे पाणी अगदी हाताशी असते. वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. आषाढात खालचे पाणी वर येऊन आभाळातून पडलेल्या पाण्याला भेटते आणि कार्तिकापर्यंत तिथेच बसून राहते. आमची चिबडी ती हीच.

या किनाऱ्याच्या पोटात काय काय आहे ते सांगता येत नाही. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली सोपाऱ्यात सापडला. नवव्याचा तुकडा १९५६ साली भुईगावच्या समुद्रकाठी मिळाला. लग्नात, आजारपणात, प्रवासाला निघताना माणसे किती नाना प्रकारची मंगलकृत्ये करतात आणि त्यांतून फळ किती थोडे मिळते, असे त्या नवव्या लेखात राजाने म्हटले आहे. माझ्या आईला मी हे एकदा सांगितले. ती चकल्या पाडत होती. "राजाला घरी कोण विचारत असेल?" एवढेच ती म्हणाली.

चिबडीत आम्हांला मात्र शिलालेख मिळाला नाही. मिळाले ते शिंपले. कुदळ मारा, शिंपले. खुरपे घाला, शिंपल्यांचा चुरा. मार्चमध्ये पट्टी वाळली की वर पांढुरका थर येतो, जणू कोणी रांगोळीची पुडी उधळली आहे. लहानपणी ते शिंपले गोळा करून मी पाटीवर चिकटवीत असे. पुढे मी शाळेत चित्रकलेचा मास्तर झालो त्याचे मूळ तिथे असेल. (शिकलो मी मॅट्रिकपर्यंतच. आता दहावी म्हणतात. कादंबऱ्या लिहायला तेवढे शिक्षण पुरते, असा माझा अनुभव आहे. वाचकांचा वेगळा असू शकेल.)

आजोबांनी या चिबडीत एकदा पानमळा घातला होता. वसईच्या पानाचे तेव्हा मोठे नाव होते. आजूबाजूच्या वाड्यांत पानवेली अशा माजत की ऊन खाली उतरत नसे. आजोबांना वाटले, पानवेलीला पाणी हवे, आणि चिबडीइतके पाणी कुणाच्या वाडीत आहे? आजीच्या हातातल्या पाटल्या मोडल्या. वाफे उंच बांधले, चर खणले, शेणखत ओतले, सुकी मासळी कुटून घातली. वेल चढला. पहिल्या वर्षी पाने बरी आली. दुसऱ्या पावसाळ्यात पिवळी पडू लागली. पिवळी म्हणजे पिकलेल्या पानासारखी नव्हे. कोवळे पानच पिवळे, आणि त्यावर शिरा तेवढ्या हिरव्या, जसे कोणी पिवळ्या कागदावर हिरव्या शाईने झाड काढावे. कोणी म्हणाले दृष्ट लागली, कोणी म्हणाले कीड. एका जाणत्या माळ्याने हिराकस पाण्यात घालून शिंपडायला सांगितला. त्याने शिंपडलेल्या पानांवर चार दिवस हिरवे डाग उमटले, आणि पुन्हा नवे पान आले ते पिवळेच. भाद्रपदात मुळे कुजली. मळा गेला.

आजीने पुढे जन्मभर काचेच्या बांगड्या घातल्या. आजोबांना ती त्यावरून कधी बोलली नाही. फक्त रात्री जेवणानंतर त्यांना पान लावून देताना ती चुना जरा जास्त लावी. आजोबांचे तोंड पोळे. तेही बोलत नसत.

तो चुनाच मळ्याचा वैरी होता, हे मला कळले ते फार उशिरा. माझा एक विद्यार्थी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकून आला. शाळेत भेटायला आला असताना मी त्याला चिबडीची मूठभर माती दाखवली. तो प्रयोगशाळेत गेला आणि सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब तिच्यावर टाकले. माती फसफसली, सोड्याची बाटली फोडावी तशी. सातवीची पोरे टाळ्या पिटू लागली. "सर, हा सगळा चुना," तो म्हणाला. "शिंपल्यांचा. लोखंड या मातीत नाही असं नाही, पण चुना ते बांधून ठेवतो, मुळाला मिळू देत नाही. आणि पाणी साचलं की मुळांनी सोडलेला वायू बाहेर जात नाही, तो त्याच पाण्यात विरघळतो आणि दुखणं वाढतं. नुसता चुना असता तर वेल कदाचित तगला असता. नुसतं पाणी असतं तर निचरा काढता आला असता. इथे दोन्ही आहेत."

मी म्हटले, "म्हणजे आजोबांचं काही चुकलं नाही?"

"जागा चुकली, सर."

पानाला चुना लागतो हे खरे. पण तो तोंडात, मुळाशी नव्हे. एवढी साधी गोष्ट कळायला आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या.

मळा गेल्यावर चिबडीकडे कोणी पाहिले नाही. लव्हाळा माजला, कडेला केवडा आला, पावसाळ्यात बेडकांनी झोपू दिले नाही. मध्यभागी जिथे खळगा अधिक खोल होता, तिथे पाणी फाल्गुनापर्यंत टिके. असल्या खळग्याला वसईत बावखल म्हणतात. बावखलाकाठी विहीर, विहिरीवर रहाट, ही आमच्या वाड्यांची जुनी मांडणी. बावखल पावसाचे पाणी धरून ठेवते आणि सावकाश शेजारच्या विहिरींना पाजते. आमची विहीर चिबडीपासून वीस पावलांवर आहे. समुद्र इतका जवळ असून तिचे पाणी गोड. पाहुणे आले की आई त्यांना आधी पाणी देई आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राही.

हे पाणी गोड का राहते, तेही त्या विद्यार्थ्यानेच मला फळ्यावर काढून दाखवले. वाळूच्या खाली समुद्राचे खारे पाणी असतेच. पण ते जड, गोडे हलके. गोडे पाणी खाऱ्यावर तरंगते. समुद्राच्या पातळीच्या वर गोडे पाणी १ फूट उभे असेल, तर खाली सुमारे ४० फुटांपर्यंत ते खाऱ्याला दाबून धरते. उलट, वरचे १ फूट कमी झाले तर खालून खारे पाणी ४० फूट वर सरकते. मी चित्रकार, मला वजनापेक्षा आकार लवकर कळतात. फळ्यावरचा तो गोड्या पाण्याचा फुगीर, भिंगासारखा आकार मी विसरलेलो नाही.

ॲमस्टरडॅम शहर १८५३ पासून असेच दांड्यांखालचे पाणी पीत आले. उपसा वाढला, खालून खारे पाणी चढू लागले, तेव्हा १९५७ पासून त्यांनी ऱ्हाईन नदीचे पाणी आणून दांड्यांच्या वाळूत सोडायला सुरुवात केली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर शिंपल्यांच्या वाळूच्या सपाट, पाणथळ जमिनी आहेत. तिथे गुरे चारतात, समुद्रातले शेवाळ खत म्हणून घालतात. त्या जमिनीला त्यांच्या गेलिक भाषेत 'माखर' म्हणतात. आपल्या गणपतीच्या मखराशी त्याचा काही संबंध नाही, पण शब्द वाचून मला उगाच शेजारी भेटल्यासारखे वाटले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. मघापासून मी ती टाळतो आहे.

२०१२ साली बाबा आजारी पडले. हृदयाचे दुखणे. मास्तराच्या पगारात बसणारे ते नव्हते. चिबडीचा निम्मा भाग आमच्या वाट्याचा, निम्मा काकांच्या नावचा. काकांचे गिऱ्हाईक तयार होते. मी माझ्या वाट्यातलाही अर्धा दिला. घेणाऱ्याने भराव घातला. लाल मुरमाचे ट्रक आले. पहिल्या दिवशी मी ते मोजले, दुसऱ्या दिवशी मोजले नाहीत. लव्हाळ्यावर मुरूम पडू लागला तेव्हा बेडूक उड्या मारीत आमच्या पडवीत आले. आईने त्यांना केरसुणीने बाहेर लोटले नाही. दोन दिवस पडवीत बेडूक होते.

त्या पैशांवर बाबांची शस्त्रक्रिया झाली आणि ते पुढे चार वर्षे जगले. नातवाला त्यांनी सायकल शिकवली. तेव्हा जमीन विकली ते चुकले असे मी म्हणू शकत नाही, आणि कोणी म्हटले तर ऐकून घेणार नाही.

पण २०१८ च्या जुलैत वसई-विरार पाण्याखाली गेले, ते पुष्कळांना आठवत असेल. लोकल बंद पडल्या, वीज गेली, मिठागरांतली माणसे अडकून पडली. जे पाणी पूर्वी मुकाट्याने चिबडीत जाऊन बसायचे, ते त्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात आले. चुलत्यांच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीच्या गच्चीवरून लोक आमच्याकडे पाहत होते. त्यांचा काय दोष? ती जागा त्यांना कोरडी म्हणूनच विकली होती. आणि त्याच्या पुढच्या वैशाखात विहिरीचे पाणी मचूळ लागले. सगळा दोष भरावाचा, असे मी म्हणणार नाही. आसपास मोटारी वाढल्या, बोअर खोल गेल्या, टँकर भरू लागले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या हरित वसई संरक्षण समितीने हा हिरवा पट्टा वाचावा म्हणून पुष्कळ लढा दिला. मीही एकदोन सभांना जाऊन बसलो होतो, टाळ्या वाजवल्या होत्या. पण भरावाच्या कागदावर माझीही सही आहे.

आता उरली आहे पाच गुंठे चिबडी. तिच्यातच तो खोल खळगा आहे. गेली तीन वर्षे उन्हाळ्यात मी आणि मुलगा मिळून त्यातला गाळ आणि प्लॅस्टिक उपसतो. विहीर पावसाळ्यानंतर पुन्हा गोड होते, मार्च-एप्रिलपर्यंत राहते, मग मचूळ होते. ते अंतर मी वहीत लिहून ठेवतो. गेल्या वर्षी सतरा दिवसांनी वाढले. याचा अर्थ काय लावायचा ते अजून ठरवत नाही. एखादा चांगला पाऊसही तेवढे करू शकतो.

गणेशोत्सवाच्या सुमारास एक गृहस्थ आले. बोलणे मऊ, हातात पेढ्यांचा पुडा. त्यांना ती पाच गुंठे हवी आहेत. आकडा सांगितला तेव्हा सौ.ने चहाचा कप खाली ठेवला. मुलाला पुढे शिकायचे आहे, त्याच्या फीचा आकडाही आम्हांला ठाऊक आहे. मुलगा काही बोलला नाही. गृहस्थ गेल्यावर एवढेच म्हणाला, "बाबा, मग यंदा गाळ काढायचा की नाही?"

आईचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. घरात नळ आहे, पण धनत्रयोदशीच्या रात्री बंब आणि घंगाळ चिंचेने घासून ती पाणी भरायला लावते ते विहिरीचेच. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे स्नान नळाच्या पाण्याने करायचे तिला चालत नाही. यंदाही कळशा मुलगा ओढील, बंबाच्या गळ्याला झेंडूची माळ मी बांधीन. आई पहिल्या कळशीतले पाणी ओंजळीत घेऊन चाखील आणि कोणाकडे न बघता पुढच्या कळशीकडे हात करील.

त्या गृहस्थांना उत्तर तुळशीच्या लग्नापर्यंत द्यायचे आहे. पेढ्यांचा पुडा आम्ही फोडला, मुलांनी संपवलाही.