कड्याची रायफल

बंदूक या वस्तूविषयी आपल्या मराठी मध्यमवर्गीय घरांत फारसे बोलले जात नाही. पूर्वजांच्या तलवारीचा अभिमान आपण बाळगतो, ढाल भिंतीवर टांगतो. पण परवान्याची बंदूक घरात आहे असे सांगितले की समोरच्याचा चेहरा किंचित बदलतो. त्यातून सांगणारा सरकारी शाळेचा मुख्याध्यापक असेल, तर तो चेहरा थोडा अधिकच बदलतो. गेली काही वर्षे मी हा अनुभव घेत आहे.

रायफल अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. १९६४ साली महूच्या एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याकडून त्यांनी ती विकत घेतली. ते तेव्हा निमाडात सिंचन खात्यात होते आणि कालव्याच्या कामावर त्यांचा मुक्काम महिनोन्‌महिने तंबूत असे. रायफल अमेरिकन, मार्लिन कंपनीची, 'एकोणचाळीस-ए' या जातीची. १९३९ साली ही जात निघाली. सर्वसाधारण रायफलीला असतो तसा मागे ओढायचा बोल्ट तिला नाही. चापाभोवतीचे पोलादी कडेच लांबट करून त्याची तरफ केलेली आहे. कडे खाली ओढले की रिकामे काडतूस बाहेर पडते, वर घेतले की नवे नळीत शिरते. म्हणून आमच्या घरात तिचे नाव 'कड्याची रायफल' असे पडले, ते आजतागायत.

कड्याची ही युक्ती आणि तिच्यात लागणारे काडतूस ही जवळजवळ जुळी भावंडे आहेत. काडतुसाच्या बुडाशी जो उभट काठ असतो त्याच्या आतच ठिणगी देणारे मिश्रण पसरलेले असते, वेगळी टोपी नसते. घोड्याने काठावर कोठेही आघात केला की बार उडतो. असे काडतूस अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी १८५७ मध्ये बाजारात आणले, आणि १८६० मध्ये बेंजामिन टायलर हेन्री याने सोळा काडतुसांची, कड्याने चालणारी रायफल सिद्ध केली, तीही याच पद्धतीच्या काडतुसावर. आज सर्वत्र चालणारे 'लाँग रायफल' काडतूस १८८७ चे. एन.सी.सी.त गेलेल्या वाचकांनी ज्या 'पॉइंट टू-टू'वर पहिला नेम धरला, तिचे काडतूस हेच. महूच्या लष्करी नेमबाजी केंद्रात तयार झालेल्या विजयकुमार यांनी २०१२ साली लंडनला पिस्तुलाच्या स्पर्धेत रौप्यपदक मिळवले, कोल्हापूरच्या स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिसला पन्नास मीटर रायफलमध्ये कांस्यपदक आणले. दोघांच्याही हत्यारांत याच मापाची, करंगळीहूनही बारीक काडतुसे होती. गोळीचे वजन जेमतेम अडीच ग्रॅम. परंतु ती चुकली तर दीड किलोमीटरपर्यंत जीव घेऊ शकते, हे अण्णा आम्हांला पाढ्यांच्या आधी शिकवीत.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि अण्णांनी तितर मारणे सोडले. पुढे वर्षातून दोनदा डबे टांगून नेम धरणे आणि दसऱ्याला पूजा, एवढाच तिचा उपयोग उरला.

२०११ मध्ये अण्णा गेले. वारसांनी हत्यार परवानाधारक विक्रेत्याकडे किंवा पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. आम्ही ते शहरातील एका विक्रेत्याकडे ठेवले. परवाना माझ्या नावावर होण्यासाठी आई आणि दादा या दोघांची संमती हवी होती. आईने लगेच सही केली. दादा पुण्याहून आला आणि दोन दिवस सही न करता राहिला. "तू मुलांना शिकवतोस. तुझ्या घरात हे शोभत नाही, आणि आता तिचं काम तरी काय?" असे त्याचे म्हणणे. त्यात असत्य काहीच नव्हते. अखेर त्याने एका अटीवर सही केली: रायफल कधीही अखंड ठेवायची नाही. आमच्या या जातीला उजव्या अंगाला एक मोठा स्क्रू असतो. तो सैल केला की रायफलीचे दोन तुकडे होतात. तेव्हापासून नळीकडचा भाग माझ्या कपाटात आणि दस्त्याकडचा आईच्या कपाटात असतो. आईच्या कपाटाची किल्ली तिच्या कमरेला. मागितली की ती आधी कारण विचारते.

दीड वर्षाने रायफल हाती आली तेव्हा नळीच्या तोंडाशी तांबूस गंज होता, कडे अडकत होते आणि चाप इतका जड झाला होता की नेम धरला तरी ओढताना हलेच. विक्रेत्याने ओल्या भिंतीला लागून ठेवली होती, दुसरे काय! मग मी एका परवानाधारक वृद्ध कारागिराकडे जाऊ लागलो. हे उस्ताद मला 'मास्साब' म्हणत आणि माझ्या उतावळेपणाला हसत. मला वाटले होते, स्प्रिंगा बदलाव्या लागतील, चाप घासावा लागेल. त्यांनी सारे सुटे करून घासलेटात बुडवले. आत साठ सालापासूनचे तेल डिंकासारखे थिजले होते. ते निघाल्यावर कडे लोण्यातून सुरी फिरावी तसे फिरू लागले, आणि चापही पुष्कळ हलका झाला. आणखी हलका करायला त्यांनी स्वच्छ नकार दिला. "धक्क्याने सुटेल, मास्साब. मग माझ्याकडे येऊ नका." निबंध तपासताना माझाही अनुभव हाच आहे की निम्मी सुधारणा नुसते काढून टाकण्याने होते.

दस्ता अक्रोडाचा. मनगटाशी त्याला चीर गेली होती आणि अण्णांनी तेथे तांब्याची तार आवळलेली होती. चिरेत सरस भरून, जवसाच्या तेलाचे सात-आठ हात मी स्वतः दिले. प्रत्येक हात वाळायला दोन-तीन दिवस. तार तशीच ठेवली.

खरी अडचण माशीची होती. मूळची माशी कधीतरी पडली असावी; अण्णांनी नव्या पैशाच्या नाण्यातून कानशीने घासून एक घडवली होती, आणि ती थोडी उंच राहिली होती. पंचवीस मीटरवर गोळ्या दोन इंच खाली लागत. अण्णा चाळीस वर्षे डब्याच्या वरच्या कडेवर नेम धरून मधोमध छेद पाडीत. मला ते साधेना. माशी दोन हात कानस मारून कमी केली की काम झाले, असे उस्ताद म्हणाले, आणि ते बरोबरच होते. पण कानस अण्णांच्या नाण्यावर चालवायची होती. मी आठवडाभराची मुदत मागितली. मग त्यांनीच मागच्या खाचेखालची पायऱ्यांची पट्टी पाहिली; ती मूळची नव्हती, कोणीतरी पत्र्याचा तुकडा खुपसला होता. त्यांनी पोलादाची नवी पट्टी करून दिली, खाच एक पायरी वर गेली आणि गोळ्या मधोमध आल्या. नाणे शाबूत राहिले. मजुरी त्यांनी तीनशे घेतली.

२०२३ आणि २०२४ च्या निवडणुकांत ठाण्याच्या सूचनेनुसार रायफल जमा केली, पावती घेतली आणि मी मतदान केंद्रावर कामाला गेलो. परत आल्यावर प्रत्येक वेळी पुन्हा तेलपाणी.

रायफल क्लबच्या रेंजवर मुलगी माझ्याबरोबर येते. तिचे डोळे तरुण आहेत, श्वास स्थिर. पाचांपैकी चार गोळ्या ती रुपयाएवढ्या जागेत घालते. रिकाम्या नळीवर चाप ओढू नये, घोड्याच्या टोकाने नळीची कड बोथट होते, हेही तिला सांगावे लागले नाही. ती आजीकडून शिकली. मात्र पुढे परवाना आपल्या नावावर घेशील का, असे विचारले तर म्हणते, "बाबा, मी बेंगळुरूला भाड्याच्या घरात राहते." दादाला फोनवर हे सांगितले. तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग त्याने विचारले, "अण्णांची तार अजून आहे ना त्यावर?"

नूतनीकरण आता पाच वर्षांनी असते. पुढचा अर्ज भरताना मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर असेन. तोवर दिवाळीच्या सुट्टीत नळीतून फडके फिरवायचे आहे. त्यासाठी आईकडे किल्ली मागावी लागेल.